रोज एक पान लिहायचे, पण वेळ कुणाची?

गेल्या 31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर नेहमीसारखीच गर्दी होती. 1937 साली याच तारखेला बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले आणि या बंगल्यात उतरले. ती आठवण म्हणून खानदेशातले भीमसैनिक दरवर्षी इथे जमतात. मी पुस्तकांच्या स्टॉलवर होतो. नंदुरबार तालुक्यातल्या रनाळे गावचा एक तरुण बराच वेळ पुस्तके चाळत उभा होता. गर्दी ओसरल्यावर जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, मला कादंबरी लिहायची आहे. तीनदा सुरू केली. तिन्ही वेळा तीस-चाळीस पानांवर थांबली."

मी चळवळीतल्या ज्येष्ठाच्या थाटात उत्तर दिले. "रोज लिही. पहाटे पाचला ऊठ. एक पान झाल्याशिवाय चहाला हात लावू नको."

तो हसला. म्हणाला, "भाऊ, लिखाले येळच कोठे शे?"

मग त्याने सांगितले ते असे. गेल्या हिवाळ्यात त्याने पाचला उठून पाहिले होते. घर एका खोलीचे, वर पत्रा. दिवा लावला की सगळे जागे. पोरगा लिहितोय म्हणून माय चार वाजताच उठायची, चूल पेटवायची, चहा करून द्यायची. तिला मग दिवसभर नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला जायचे असे. हा स्वतः दुकानात कामाला, घरी यायला रात्रीचे नऊ. अकरा दिवस चालले. बाराव्या दिवशी मायचे सुजलेले डोळे पाहून त्याने वही बंद केली. आणि मला म्हणाला, "माझ्यातच शिस्त नाही, दुसरे काही नाही."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या माणसाला पुस्तकाची किंमत सांगू लागलो. घरी आल्यावर मात्र लाज वाटली. ज्या माणसाकडे उजेड, खोली आणि वेळ यांपैकी काहीच नव्हते, त्याच्या हातात मी शिस्तीचा सल्ला ठेवला होता. त्याला तेव्हा द्यायला हवे होते ते उत्तर आज देतो आहे. त्यासाठी थोडा इतिहास उलगडावा लागेल, कारण "वेळ कोठे शे" हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

शिस्तीची गोष्ट सांगताना कोण गाळले जाते?

रोज ठराविक शब्द लिहिण्याचा सल्ला आज मोबाइलवर जागोजागी मिळतो. अमेरिकेत 1999 साली 21 जणांनी मिळून एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहिण्याचा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो जगभर पसरला. हिशेब केला तर रोजचे सुमारे 1,667 शब्द होतात. पण या सल्ल्याचे मूळ त्याहून जुने आहे. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलॉप हा टपाल खात्यात नोकरी करायचा आणि रोज पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द. अशा रीतीने त्याने चाळीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. शिस्तीचा विषय निघाला की लेखनाचे गुरुजी हटकून ट्रॉलॉपचे नाव घेतात.

पण खुद्द ट्रॉलॉपने आत्मचरित्रात एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली आहे, ती हे गुरुजी सांगत नाहीत. त्याला उठवायला आणि कॉफी आणून द्यायला एक म्हातारा नोकर होता. या कामासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जास्तीचे मिळत. आपल्या यशाचे सर्वात मोठे देणे आपण त्याच नोकराचे लागतो, असेही ट्रॉलॉप मान्य करतो.

मालक साडेपाचला टेबलावर बसायचा, तर नोकर किती वाजता उठत असेल? तो नोकर आणि रनाळ्याची ती माय एकाच ओळीत उभे आहेत. फरक इतकाच की मायला पाच पौंड मिळत नाहीत आणि तिचे नाव कुठल्या आत्मचरित्रातही येत नाही. कुणाच्या तरी रोजच्या एका तासासाठी दुसऱ्या कुणाचा तरी तास जातो. तो कुणाचा गेला हे विचारणे म्हणजे लेखनाचा सामाजिक इतिहास विचारणे.

चोवीस तास गावाचे

आपल्या बापजाद्यांचा वेळ कुणाच्या मालकीचा होता? कायद्याने पाहिले तरी तो गावाचा आणि सरकारचा होता. 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याखाली महार वतनदार हा सरकारी कामाला बांधलेला. सांगावा पोहोचवणे, साहेबाचे सामान वाहणे, वसुलीच्या वेळी लोकांना बोलावून आणणे, जनावर मेले तर ओढून नेणे. कामाला ना सुरुवात ना शेवट. मध्यरात्री हाक आली तरी "जी" म्हणून उठायचे.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. त्यांचा एक मुख्य मुद्दा असा होता की, महाराला चोवीस तास कामावर हजर धरले जाते आणि तो घरी नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणालाही कामाला जुंपले जाते. याचा अर्थ नीट समजून घ्या. एका माणसाच्या वतनापोटी सगळ्या घराचे चोवीस तास गहाण. विधेयक तेव्हा पार पडले नाही. असली हलकी वतने रद्द करणारा कायदा यायला 1958 साल उजाडावे लागले.

ज्या घराच्या मालकीचा एक तासही नव्हता, त्या घरात "रोज पहाटे एक तास" ही कल्पना तरी कुठून रुजणार? लोक म्हणतात, दलित समाजात वाचन-लेखनाची परंपरा नव्हती. परंपरा पडायला आधी संध्याकाळ स्वतःची असावी लागते. जोतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. 1855 साली त्यांनी आपल्या घरी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवस त्यांचा नव्हता. त्याच वर्षी फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'ने छापला. जिला अभ्यासाचे काही तास मिळाले, त्या मुलीने त्या तासांत काय केले हे महाराष्ट्राने तेव्हाच पाहिले होते.

1890: एक कादंबरी आणि एक रविवार

आता 1890 साली या. पुण्यात हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. ती 1893 पर्यंत चालली. आठवडा आला की मजकूर तयार हवा. मराठी कादंबरीला नेमाने लिहिण्याची सवय लावली ती अशा साप्ताहिकांनी. आपटे थोर लेखक होते, विधवांच्या दुःखाविषयी त्यांनी कळकळीने लिहिले, हे मान्य करायलाच हवे.

पण त्याच 1890 साली मुंबईत काय घडत होते? गिरणी कामगार पहाटेपासून अंधार पडेपर्यंत सातही दिवस राबत होता. सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे हे 'दीनबंधू'चे संपादक. त्यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन दिले. मागण्या काय, तर आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर 10 जून 1890 ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

मराठी साहित्याच्या इतिहासात 1890 ची पहिली घटना मिळते, दुसरी मिळत नाही. माझ्या मते दुसरीही त्या इतिहासात घालायला हवी. कामगारवस्तीत पुढे जे वाचन झाले, जलसे झाले, सभा झाल्या, वह्या भरल्या गेल्या, त्यांना रविवार लागत होता आणि तो रविवार एका सत्यशोधकाने मालकांकडून काढून घेतला होता.

सत्यशोधकांनी कादंबरीही लिहिली. कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी 1910 साली 'दीनमित्र' नव्याने सुरू केला आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून तो 1967 पर्यंत चालवला. हे करताना त्यांनी 'ढढ्ढाशास्त्री परान्ने'सारखी भटशाहीची खिल्ली उडवणारी कादंबरीही लिहिली. ते पाटलाच्या घरात दत्तक गेलेले होते, तेव्हा त्यांची आणि भूमिहीन मजुराची स्थिती एक नव्हे. तरीही खेड्यात राहून अर्धशतकाहून जास्त काळ नेमाने लिहिता येते, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला खोली घ्यावी लागत नाही, हे तरवडीने दाखवले.

बाबासाहेब: लिहिणारे आणि वेळ मिळवून देणारे

'रोज लिहा' असे सांगताना आपण बाबासाहेबांचा दाखला देतो. तो द्यावाच. 3 एप्रिल 1927 ला 'बहिष्कृत भारत' निघाले. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने आपल्याला एकट्याने भरून काढावे लागतात, असे त्यांनी पुढच्याच वर्षी त्याच पत्रात लिहिले. याच काळात वकिली चालू, शिकवणे चालू, महाडचा सत्याग्रह चालू. पत्रातून मिळकत शून्य. हाताखाली लेखकांचा ताफा नाही. असे असताना अंक निघत राहिला.

पण हा दाखला आपण अर्धाच देतो. जो माणूस स्वतः रात्ररात्र लिहीत होता, तो सत्तेच्या जागी गेल्यावर लोकांच्या वेळेसाठी काय करत होता? 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. 1946 साली कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने कामाचे आठवड्याचे तास 54 वरून 48 वर आणले. ते विधेयक बाबासाहेबांनी मांडलेले होते. आठवड्याला सहा तास, म्हणजे कामाच्या प्रत्येक दिवसाला एक तास. लेखनाचे गुरुजी जो रोजचा एक तास मागतात, तो बाबासाहेबांनी कामगाराला कायद्याने मिळवून दिला. "तू पहाटे ऊठ" असे सांगून ते थांबले नाहीत.

दुसरी गोष्ट त्यांच्या शेवटच्या ग्रंथाची. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना मधुमेहाने शरीर पोखरले होते, दृष्टी मंद झाली होती. दिल्लीच्या 26 अलीपूर रोडवर नानकचंद रत्तू आपली सरकारी नोकरी आटोपून येत आणि रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करत. 5 डिसेंबर 1956 च्या रात्रीही बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपल्यात नव्हते.

त्या ग्रंथासाठी त्यांनी 15 मार्च 1956 ला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी माईसाहेबांचे आणि डॉ. मालवणकरांचे आभार मानले आहेत, कारण त्यांच्यामुळे आयुष्य लांबले आणि ग्रंथ पुरा होऊ शकला. मजकूर टंकित करणारे नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद यांची नावे त्यांनी गावांसकट नोंदवली आहेत. आपल्या लेखनासाठी कुणाकुणाची वेळ गेली याचा हिशेब बाबासाहेबांनी चोख ठेवला होता. आणि 1957 च्या पहिल्या आवृत्तीत नेमकी हीच प्रस्तावना छापली गेली नाही. ती लोकांसमोर यायला पुढे बरीच वर्षे लागली. त्यामागे कोणते वाद होते त्यात मी इथे शिरत नाही. पण वेळ देणाऱ्यांची नावे पुस्तकातून गळतात, हे आपल्या सर्वात पवित्र ग्रंथाच्या बाबतीतही घडले, हे आपण विसरू नये.

चोरून मिळवलेले तास

1946 च्या कायद्याचे 48 तास कारखान्याच्या दारात थांबले. शेतमजुराला ते लागू झाले नाहीत, पथारीवरच्या बाईला नाहीत, घरकामाला तर कुठल्याच कायद्याने नाहीत. मग तिथून जे लिहिते झाले, त्यांनी वेळ आणली कुठून?

अण्णा भाऊ साठे यांची शाळा दीड दिवसाची. वाटेगावहून घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठली, पडेल ते काम केले, गिरणीत राबले, दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पत्रके पाहून अक्षरे जुळवली. घाटकोपरच्या चिरागनगरमधल्या झोपडीत राहून तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. 1959 ची 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. दलित माणूस कादंबरी लिहू शकतो का, या प्रश्नाला तिथेच उत्तर मिळाले. पण त्यांची लेखनाची शाळा कुठली, तर लाल बावटा कलापथक. तिथे रोज नवे गाणे, नवा वग हवा असे, समोर ऐकणारे हजारो असत. चळवळीने त्यांच्याकडून रोजचे लेखन मागितले आणि करवून घेतले. सवय ही अशी माणसांच्या मागणीतून लागते. चळवळीने त्यांचे दारिद्र्य मात्र घालवले नाही. 1969 साली ते गेले तेव्हाही ते गरीबच होते.

बाबुराव बागूल यांची वाट आपल्या परिसरातूनच गेली असे म्हणता येईल. नंदुरबारवरून जाणारी रेल्वे नवापूर, व्यारा करत उधन्याला पोहोचते. त्या सुरत-उधन्याच्या भागात रेल्वेच्या नोकरीसाठी गेलेल्या बागुलांना भाड्याची खोली मिळावी म्हणून जात लपवावी लागली. त्या अनुभवातून 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आली, 1963 साली त्या नावाचा संग्रह आला. व्हर्जिनिया वूल्फने 1929 साली लिहिले की स्त्रीला लिहायचे तर स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत. बरोबरच आहे. पण आपल्या देशात खिशात भाडे असले तरी खोली मिळत नाही. घरमालक आधी आडनाव विचारतो. हे वूल्फला माहीत असण्याचे कारण नव्हते, बागुलांना माहीत होते.

आणि बेबीताई कांबळे. फलटणला नवऱ्यासोबत छोटे दुकान चालवायच्या. माल बांधायला रद्दीची वर्तमानपत्रे यायची, ती वाचायच्या. नवरा माल आणायला बाहेर गेला आणि गिऱ्हाईक नसले की गल्ल्यावर बसून लिहायच्या. लिहिलेले कागद घरात कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून अडगळीत लपवून ठेवायच्या. किती वर्षे? वीस वर्षे. पुढे मॅक्सिन बर्नसन या अभ्यासक बाईंना ते लेखन कळले, 'स्त्री' मासिकातून ते छापून आले आणि 1986 साली 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने निघाले. त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' पुस्तक आले. शांताबाई शिक्षिका होत्या, लिहायला बसल्या त्या निवृत्त झाल्यावर.

पुरुष लेखकाने वेळ मालकापासून चोरला. बेबीताईंना तो घरापासून चोरावा लागला. शांताबाईंना म्हातारपणाची वाट पाहावी लागली. आंबेडकरी घरातसुद्धा बाईचा तास बाईचा नव्हता. हे बोलले की आपल्यातलेच काही जण नाराज होतात. नाराजी सोसून बोलले पाहिजे.

"मग त्यांनी कसे लिहिले?"

आता हमखास येणारा आक्षेप. "अण्णा भाऊंनी झोपडीत लिहिले, बेबीताईंनी दुकानात लिहिले, मग तुला काय धाड भरली आहे? वेळ नाही हे निमित्त आहे."

मला हा आक्षेप दोन कारणांनी पटत नाही. एक, जे लिहू शकले त्यांचीच नावे आपल्याला माहीत आहेत. ज्यांची वही बाराव्या दिवशी बंद झाली त्यांची यादी कुणी केलेली नाही. नदी पोहून आलेल्या चौघांकडे बोट दाखवून पूल नको म्हणणारा माणूस गावाचा हितचिंतक नसतो. दोन, बेबीताईंचे लेखन वीस वर्षे अडगळीत पडले हे त्यांच्या जिद्दीचे उदाहरण आहेच, पण आपल्या समाजाच्या अपयशाचेही आहे. जिद्दीचे कौतुक करून अपयश झाकायचे नसते.

साहित्यप्रकारांचाही यात संबंध आहे. कविता बसमध्ये सुचते, पाकिटावर लिहून ठेवता येते. आत्मकथन तुटक वेळात जोडता येते, कारण घटना आपल्याच जगण्यातल्या असतात. कादंबरीचे तसे नाही. पंधरा-वीस माणसे महिनोन्‌महिने डोक्यात जिवंत ठेवावी लागतात. चार दिवस खंड पडला की ती माणसे निघून जातात. आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी 1963 साली, पंचविशीत, 'कोसला' अवघ्या दोन-अडीच आठवड्यांत लिहून काढली. त्यांची प्रतिभा मी नाकारत नाही. पण सलग अडीच आठवडे फक्त लिहायला मिळणे हीसुद्धा एक मिळकत आहे, शेतीवाडीसारखी. 1978 च्या 'बलुतं'पासून आपल्याकडे आत्मकथनांची जोरदार लाट आली आणि कादंबरी मात्र त्या मानाने मागे राहिली, त्याचे एक मोठे कारण मला इथे दिसते. समीक्षक म्हणतात, दलित लेखकाकडे कल्पनाशक्ती कमी. मी म्हणतो, आधी त्याला अडीच आठवडे द्या, मग मोजा.

पण मित्रा, आक्षेप घेणाऱ्याच्या म्हणण्यात एक अंश खरा आहे, तोही सांगतो. व्यवस्था बदलेपर्यंत थांबलास तर कादंबरी होणार नाही. लोखंडेंनी रविवार मागितला, पण तो मिळेपर्यंत 'दीनबंधू' बंद ठेवला नाही. लढाई आणि लेखन एकाच वेळी चालले.

रनाळ्यात काय करता येईल?

पहिले, पहाटे पाचचा नाद सोड. तो दुसऱ्यांच्या घरांसाठी बनलेला मुहूर्त आहे. तुझा वेळ जिथे सापडेल तिथे तो धर. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतली पंधरा मिनिटे असतील, दुकान उघडण्याआधीची असतील. दिवसाला वहीचे एक पान, दीडशे शब्द. वर्षात तीनशे दिवस जमले तर पंचेचाळीस हजार शब्द होतात, म्हणजे एक छोटी कादंबरी. पासष्ट दिवस आजारपणाला, लग्नकार्याला, जयंतीला सोडून दिलेत. ते गेले म्हणून स्वतःला दोष द्यायचा नाही.

दुसरे, थांबताना मधल्या वाक्यात थांब. उद्या कुठून सुरू करायचे हे माहीत असले की पंधरा मिनिटांतली दहा वाया जात नाहीत. आणि आधी लिहिलेले रोज दुरुस्त करत बसू नको. तुझ्या तिन्ही कादंबऱ्या चाळिसाव्या पानावर का थांबल्या? मला वाटते, तू दर वेळी पहिल्या पानाकडे परत जात होतास. माणसे अहिराणीत बोलत असतील तर अहिराणीतच बोलू दे. शुद्धलेखन शेवटी.

तिसरे, ही एकट्याची गोष्ट ठेवू नको, आणि हे मी तुझ्यापेक्षा आम्हा कार्यकर्त्यांना सांगतो आहे. आपल्या गावोगावी विहारे आहेत, समाजमंदिरे आहेत. वर्षातून काही दिवस ती गजबजतात, बाकी संध्याकाळी कुलूप. रात्री आठ ते दहा ते कुलूप काढायला काय खर्च येतो? दोन टेबले, चार खुर्च्या, एक दिवा, एक कपाट. ज्याच्या घरी एकच खोली आहे त्याला ही खोली. आठवड्यातून एकदा तिथेच बसून लिहिलेले वाचून दाखवायचे. अण्णा भाऊंना कलापथकाने जे दिले तेच हे, वाट पाहणारे कान. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशात ही खोली वर्षभर चालेल. हे वाचून कुणाला राग आला तर येऊ द्या, आणि मग हिशेब करून मला चूक दाखवा.

चौथे सगळ्यात अवघड. त्या खोलीत मुली आणि बायका आल्या पाहिजेत, आणि त्या येतील तेव्हा घरी भाकरी कुणी थापायची हे आधी ठरले पाहिजे. आठवड्यातून दोन संध्याकाळी घरातल्या पुरुषाने चूल सांभाळली तर धम्म बुडत नाही. तसे झाले नाही, तर आपली खोली म्हणजे पुन्हा ट्रॉलॉपचेच टेबल, फक्त वर बाबासाहेबांचा फोटो लावलेला.

शेवटी

त्या तरुणाला मी विचारायला विसरलो की कादंबरी कशावर आहे. नंतर फोन केला. म्हणाला, "मायवर. पथारीवर." मी म्हटले, मायला विचारलेस का, ती काय सांगेल? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, चहा करून देताना ती बरेच काही बोलायची, पण आपण तेव्हा लिहिण्यात होतो, लक्ष दिले नाही.

मित्रा, ती पहाट परत आणता आली तर आण. पण या वेळी चहा तू कर. ती बोलेल ते ऐक. दुपारी पंधरा मिनिटे मिळाली की ते उतरवून काढ. आणि पुस्तक झाले तर पहिल्या पानावर कुणाकुणाची वेळ गेली त्यांची नावे, बाबासाहेबांनी लिहिली तशी, गावासकट लिही. छापणाऱ्याला बजावून सांग, ते पान गाळायचे नाही.

पुढच्या 31 जुलैला लळिंगला भेटू. वही घेऊन ये. स्टॉलवर गर्दी असली तरी या वेळी मी आधी ऐकेन.

जय भीम!